असन, म्हणे आणि मोघम

भेंडवळच्या घटमांडणीचं भाकीत दरवर्षी अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे जाहीर होतं आणि दुपारच्या आत राज्यभरच्या बातम्यांत झळकतं. बुलढाणा जिल्ह्याच्या जळगाव जामोद तालुक्यातलं हे गाव. चंद्रभान महाराज वाघ यांनी सुरू केलेली ही रीत तीनशेहून अधिक वर्षं चालत आली आहे, असं सांगतात. तृतीयेच्या संध्याकाळी गावाबाहेरच्या शेतात गोल आखून कडेने अठरा प्रकारची धान्यं मांडायची. मधल्या खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यांवर पाण्याने भरलेली घागर, घागरीवर पापड, भजं, कुरडई असे जिन्नस, शेजारी विड्याच्या पानावर सुपारी. रात्री शेतात कुणी थांबायचं नाही. पहाटे कुठलं धान्य जागचं हललं, कुठलं ढेकूळ किती भिजलं, सुपारी जागेवर आहे का, हे पाहून पीकपाणी, रोगराई, राजाची गादी आणि देशाची तिजोरी या सगळ्यांचं वर्षाचं भविष्य सांगितलं जातं.

ही अंधश्रद्धा आहे की निरीक्षणातून आलेलं शहाणपण, हा वाद जुना आहे आणि माझ्या मते तो कधीच निकालात निघालेला आहे. ढेकळाच्या ओलीचा सप्टेंबरातल्या पावसाशी काही संबंध नाही. मला त्या भाकिताच्या भाषेबद्दल बोलायचं आहे. पाऊस ‘साधारण’ राहील, ज्वारी ‘सर्वसाधारण’, कपाशी ‘चांगली’ आणि एखादं पीक ‘मोघम’. हा शेवटचा शब्द भेंडवळच्या बातम्यांत वर्षानुवर्षं दिसतो. मोघम पीक म्हणजे एकरी किती क्विंटल? दोन झाले तरी मोघम, सहा झाले तरी मोघम. पेरलेलं उलटलं तर भाकीत खरं ठरलं, भरघोस आलं तरी ते खोटं पडलं असं कुणाला म्हणता येणार नाही. तीनशे वर्षांत एकदाही ठळकपणे चुकता न येणं ही या भाषेची करामत आहे.

मराठीत खात्री नसल्याचं सांगणाऱ्या शब्दांची दोन घराणी आहेत आणि आपण ती एकच समजतो. ‘कदाचित’, ‘बहुधा’, ‘बहुतेक’, ‘असेल’, ‘असावं’ हे एक घराणं. ‘मोघम’, ‘सर्वसाधारण’, ‘अमुकसदृश’ हे दुसरं. पहिल्यातला शब्द वापरणारा माणूस आपल्याला किती ठाऊक आहे ते सांगतो आणि चुकायची तयारी ठेवतो. दुसऱ्यातला शब्द वापरणारा आपल्याला किती ठाऊक आहे तेच लपवतो. एक शंका आहे, दुसरी सोय आहे. आपल्या सार्वजनिक जीवनात सोय फार माजली आहे आणि शंकेला मात्र आपण दुबळेपणा ठरवून टाकलं आहे, हे माझं म्हणणं.

आधी शंकेचं घराणं पाहू, कारण ते दिसतं त्यापेक्षा श्रीमंत आहे. ‘कदाचित’ हा संस्कृतातून आलेला शब्द, कदा अधिक चित्, म्हणजे ‘कधीतरी’. संस्कृत कथांमधून तो ‘एकदा’, ‘एके वेळी’ याच अर्थाने येतो. मराठीने त्या ‘कधीतरी’ची शक्यता केली : जे कधीतरी होतं ते आत्ताही होऊ शकतं. ‘बहुधा’चा मूळ अर्थ ‘अनेक प्रकारांनी’, आणि ‘बहुतेक’ तर सरळच मोजणीचा शब्द आहे. बहुतेक लोक आले म्हणजे दहातले आठ-नऊ आले. त्यावरून ‘तो बहुतेक येईल’ असं आपण म्हणतो तेव्हा हिशेब हाच असतो की अशा दहा वेळांपैकी आठ-नऊ वेळा तो येतो. संभाव्यतेचं गणित युरोपात सतराव्या शतकात फाशांच्या डावांवरून मांडलं गेलं, असं आपण शिकतो. ते खरंच आहे. पण त्यातली मूळ कल्पना, की खात्रीची मापं घडून गेलेल्या गोष्टींच्या मोजणीतून काढायची, ती आपल्या ‘बहुतेक’मध्ये रोज वापरात आहे.

घाटाखालच्या बोलीत याहून बारीक काम आहे. (बुलढाण्याबाहेरच्या वाचकांसाठी : आमच्या जिल्ह्याचे घाटावरचे आणि घाटाखालचे असे दोन भाग आहेत, आणि माणूस कुठला हे विचारायची पहिली पायरी तीच.) प्रमाण मराठीत ‘असेल’, इकडे ‘असन’. ‘तुहा भाऊ घरी हाय का?’ ‘असन.’ भाऊ या घटकेला घरात आहे की नाही ही वर्तमानातली गोष्ट. पण स्वतः पाहिलेलं नाही म्हणून बोलणारा ती भविष्यकाळात ढकलतो. जाऊन पाहशील तेव्हा कळेल, तोवर माझा अंदाज एवढाच. ‘असन’ आणि ‘असन वाट्टे’ यांत फरक आहे, ‘असन बा’ म्हटलं की त्यात हात झटकल्याचा सूर येतो, आणि ‘काय मालूम’ म्हटलं की विषय संपतो. शाळेत हे सगळं अशुद्ध म्हणून खोडून काढतात. त्यासोबत माहितीचा दर्जा सांगायची एक पद्धतही खोडली जाते, याची कुणाला फिकीर नसते.

आणि ‘म्हणे’. मराठीतला मला सगळ्यांत हुशार वाटणारा शब्द. ‘भेंडवळात यंदा पाणी बरं सांगितलंय म्हणे.’ वाक्याच्या शेवटी चिकटलेला तो एक शब्द तीन गोष्टी सांगतो : हे मी पाहिलेलं नाही, दुसऱ्याकडून ऐकलं आहे, आणि त्याची हमी मी देत नाही. सूर जरा बदलला तर चौथीही सांगतो, की मला हे फारसं पटलेलं नाही. भेंडवळला गर्दी करणारे शेतकरी भोळे असतात असं शहरात समजतात. तिथे जाऊन भाकीत ऐकणारे आणि मग गावी परतून ते ‘म्हणे’ लावून सांगणारे लोक तितके भोळे नसतात. भाकितात नसलेली शंका ऐकणारा पदरची घालतो. म्हणून अनेक जण भेंडवळचं ऐकतात आणि पेरणी मात्र जमिनीत ओल किती गेली हे पाहूनच करतात. भीती मला वेगळ्याच गोष्टीची वाटते. मोबाइलवरून फिरणाऱ्या मजकुरात ‘म्हणे’ उरलेला नाही. तिथे प्रत्येक वाक्य साक्षीदाराच्या थाटात येतं. बोलताना आपण ज्या गोष्टीला सहज ‘म्हणे’ लावू, तीच गोष्ट बोटाने पुढे ढकलताना तो शब्द गळून पडतो.

आपल्याकडे संशयाची बदनामी करताना हटकून गीतेतला संशयात्मा पुढे केला जातो, ज्याचा नाश होतो. त्याच परंपरेत गौतमाच्या न्यायसूत्रांनी ज्ञानाच्या सोळा पदार्थांत संशयाला तिसरं स्थान दिलं आहे, प्रमाण आणि प्रमेय यांच्या लगेच मागे, हे कुणी सांगत नाही. जैनांनी तर ‘स्यात्’ या एका शब्दावर अख्खा स्याद्वाद उभा केला. जैन आचार्य यावर आग्रहाने सांगतात की स्यात् म्हणजे गुळमुळीत ‘असेल बुवा’ नव्हे. अमुक एका बाजूने पाहिलं असता हे विधान खरं आहे, अशी ती अट आहे. भारतीय संख्याशास्त्राचे जनक प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी 1954 मध्ये संख्याशास्त्राच्या पायाविषयी लिहिताना याच स्याद्वादाचा आधार घेतला, आणि जे. बी. एस. हाल्डेन यांनीही 1957 मध्ये त्यावर लेख लिहिला. पिकाचा अंदाज नमुना कापणीवरून कसा काढावा यावर भारतात ज्यांनी मूलभूत काम केलं त्यांत महालनोबिस अग्रभागी होते, हे लक्षात घेतलं की त्यांना स्यात् का आवडला असेल ते कळतं.

आता भेंडवळच्या शेजारी भारतीय हवामान खातं ठेवून पाहू. खात्याची स्थापना 1875 ची, आणि मोसमी पावसाचा पहिला अधिकृत दीर्घकालीन अंदाज एच. एफ. ब्लॅनफर्ड यांनी 1886 मध्ये हिमालयातल्या बर्फावरून दिला. अंदाज चुकण्याचा या खात्याचा इतिहास मोठा आहे आणि त्यावर आपण विनोदही भरपूर केले आहेत. 2002 मध्ये खात्याने देशात सरासरीच्या 101 टक्के पाऊस सांगितला होता. पडला जेमतेम 81 टक्के. नामुष्की एवढी झाली की सोळा घटकांवर चालणारं ते प्रतिमान पुढच्याच वर्षी बदललं गेलं. विनोद करणाऱ्यांच्या नजरेतून हीच गोष्ट सुटते. 101 हा आकडा चुकू शकला म्हणून प्रतिमान बदललं. ‘साधारण’ हा शब्द चुकू शकत नाही, म्हणून घटमांडणीत ढेकळं आजही चारच आहेत.

खात्याचा अंदाज हल्ली ‘सरासरीच्या 96 टक्के, अधिक-उणे 5’ अशा स्वरूपात येतो. 2023 चा नेमका असाच होता. पाऊस झाला 94 टक्के. त्यावर अंदाज फसल्याची ओरड झाली; पण 91 ते 101 यांच्या दरम्यान 94 बसतात. खातं दिलेल्या शब्दाला जागलं होतं. छापताना ते ‘अधिक-उणे 5’ आपणच खाल्लं होतं. 2024 ला 106 सांगितले, 108 झाले. मथळ्यांत मात्र ‘यंदा 106 टक्के पाऊस’ असं ठणकावून छापलं गेलं, जणू जूनमध्येच कुणीतरी मोजून आलं होतं. शंकेचा शब्द अंदाज करणाऱ्याने दिला होता. तो वाचकापर्यंत पोचू दिला नाही तो मधल्या लोकांनी.

अर्थात देशाच्या सरासरीत बुलढाण्याचा शेतकरी कुठे बसतो हा प्रश्न उरतोच. त्या 2023 सालीच पाहा. जुलैत घाटाखाली संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत एवढा पाऊस कोसळला की गावं पाण्यात गेली आणि शेतं खरवडून निघाली. ऑगस्ट मात्र देशात 1901 पासूनचा सगळ्यांत कोरडा ऑगस्ट ठरला. ऑक्टोबरअखेर राज्याने 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात याच जिल्ह्याचे बुलढाणा आणि लोणार हे तालुके होते. एकाच पावसाळ्यात, एकाच जिल्ह्यात, एका टोकाला पूर आणि दुसऱ्या टोकाला दुष्काळ. अशा ठिकाणी ‘पाऊस सर्वसाधारण’ म्हणणं म्हणजे काहीच न म्हणणं.

त्या जुलैतल्या पावसाला बातम्यांत काय म्हटलं गेलं? ‘ढगफुटीसदृश’. आणि दुष्काळाच्या त्या 40 तालुक्यांनंतर हजारच्या आसपास महसूल मंडळांत काय जाहीर झालं? ‘दुष्काळसदृश परिस्थिती’. हा ‘सदृश’ मोघमचा सरकारी भाऊ आहे. ढगफुटीच्या बाबतीत तो निदान समजून घेता येतो, कारण ढगफुटीची व्याख्या तासाला 100 मिलिमीटर अशी ठरलेली आहे आणि गावोगावी पर्जन्यमापक नसतात. दुष्काळाच्या बाबतीत तो शब्द हिशेबाने येतो. दुष्काळ म्हटलं की निकष आले, केंद्राचं पथक आलं, जबाबदारी आली. सदृश म्हटलं की थोड्या सवलती देऊन भागतं. हा काही माझा संशय नाही. 2015-16 च्या टंचाईत राज्य सरकारने असाच सदृशाचा आसरा घेतला होता. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, आणि मे 2016 मध्ये सरकारला सांगावं लागलं की सुमारे 29 हजार गावांसाठी ‘दुष्काळसदृश’ असं जिथे म्हटलं आहे तिथे ‘दुष्काळ’ असं वाचावं. पाऊस तोच, विहिरी त्याच, गुरंही तीच. न्यायालयात जाऊन एका प्रत्ययाचा निकाल लावून घ्यावा लागला.

सरकारी दप्तरात शंकेची चांगली रीत नाहीच असं मात्र नाही. पैसेवारी घ्या, म्हणजे गावच्या पिकाचा पैशांत मांडलेला सरकारी अंदाज. आमच्याकडे खरिपाची पैसेवारी तीन टप्प्यांत निघते : सप्टेंबरअखेर नजरअंदाज, ऑक्टोबरअखेर सुधारित आणि डिसेंबरअखेर अंतिम. आधी बांधावरून नजरेने, मग दुरुस्त करून, मग पीक कापून. जसजसं जास्त कळत जाईल तसतसं विधान पक्कं करायचं, ही कल्पना सुंदर आहे. इंग्रजांच्या काळातल्या आणेवारीपासून ती आपल्याकडे मुरलेली आहे. (‘नजरअंदाज’चा हिंदीतला अर्थ दुर्लक्ष असा होतो. पैसेवारी जाहीर झाली की शेतकऱ्यांना बहुधा तोच अर्थ जवळचा वाटतो.) बिघाड शेवटच्या पायरीवर होतो. पन्नास पैशांच्या खाली गाव टंचाईत, वर गेलं की सुस्थितीत. मोजक्या प्लॉटांवरच्या कापणीतून निघालेल्या 47 आणि 52 या दोन आकड्यांत खरा फरक आहे की मोजण्यातली चूकभूल, हे त्या प्रयोगावरून सांगता येत नाही. तीन महिने प्रामाणिकपणे अंदाज म्हणून वागवलेली संख्या एका रात्रीत देववाणी होते आणि शिवेला शीव लागलेल्या दोन गावांना वेगवेगळं नशीब वाटून देते.

शंका नीट वापरली तर काय होतं हे पाहायला या जिल्ह्याइतकी चांगली जागा महाराष्ट्रात दुसरी नाही, कारण इथे लोणार आहे. सुमारे अठराशे मीटर व्यासाचा, जवळजवळ गोल खड्डा, तळाशी खारं पाणी. पुराणाचं उत्तर ठाम होतं : विष्णूने लवणासुराचा वध केला, त्याचं हे स्थान. इंग्रज अधिकारी सी. जे. ई. अलेक्झांडर याने 1823 मध्ये सरोवराची नोंद केली. भोवतालचं सगळं पठार लाव्हाचं, त्यामुळे हा ज्वालामुखीचाच उद्योग असणार असं भूशास्त्रज्ञांना वाटलं, आणि त्यात गैर काही नव्हतं. अमेरिकेत जी. के. गिल्बर्ट यांनी 1896 मध्ये अ‍ॅरिझोनातल्या एका खड्ड्याची चिकित्सा करताना लोणारचं साम्य लक्षात घेतलं. त्या चिकित्सेचा निष्कर्ष चुकला, तो अ‍ॅरिझोनाचा खड्डा पुढे उल्केचा ठरला. पण गृहीतकं कशी तपासावीत याचा धडा म्हणून तो निबंध आजही वाचला जातो. लोणारचा निकाल 1973 मध्ये लागला. छिद्रं पाडून काढलेल्या नमुन्यांत प्रचंड आघातानेच तयार होणारी काच सापडली आणि बसाल्ट खडकातलं हे आघातविवर आहे हे मान्य झालं.

वयाचा प्रश्न त्याहून गमतीचा. 1990 च्या दशकात एका पद्धतीने वय निघालं सुमारे 52 हजार वर्षं. आजही अनेक लेखांत हाच आकडा असतो. 2011 मध्ये आरगॉनच्या समस्थानिकांवरून दुसऱ्या गटाने काढलेलं वय आलं 5 लाख 70 हजार वर्षं, अधिक-उणे 47 हजार. या दुसऱ्या उत्तरातली निव्वळ चूकभूल पहिल्या उत्तराच्या जवळजवळ अख्ख्या वयाएवढी आहे. आणि तरीही दुसरं उत्तर कच्चं ठरत नाही, कारण आपण किती चुकू शकतो हे त्याने आकड्यात सांगितलं आहे. पुढचा संशोधक त्याला तिथेच पकडू शकतो. वाद अजून चालू आहे. लवणासुराच्या कथेला दोनशे वर्षांत एकदाही दुरुस्ती लागली नाही, आणि तिच्यातून नवी माहितीही एवढ्या वर्षांत निघाली नाही.

शंका न वापरल्याचा धडाही याच जिल्ह्याने दिला, आणि तो ताजा आहे. 2024 च्या डिसेंबरअखेर शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांतून लोकांचे केस गळू लागले. डोक्याला खाज, मग हाताने ओढले तरी झुपकेच्या झुपके, आणि काही दिवसांत टक्कल. लहान मुलं, तरुण मुली, म्हातारी माणसं. पुढे 18 गावांतल्या 279 जणांची नोंद झाली. आरोग्य विभागाने पाणी तपासलं, नायट्रेट आणि क्षार जास्त निघाले. त्वचारोगतज्ज्ञांनी बुरशीची शंका घेतली. आयसीएमआरचं पथक आलं. हे सगळे लोक ‘असू शकेल’, ‘तपासावं लागेल’ असं बोलत होते, आणि त्यांनी तसंच बोलायला हवं होतं. पण तोवर वाहिन्यांनी नाव ठेवून टाकलं होतं : ‘टक्कल व्हायरस’.

व्हायरस कुणी पाहिला नव्हता. प्रयोगशाळेने तो सांगितला नव्हता. पण नाव पडलं आणि नावासोबत वागणूक आली, कारण विषाणू म्हटलं की तो स्पर्शाने, श्वासाने लागतो हे करोनानंतर पोरासोरांना ठाऊक आहे. माणसं त्या गावांना टाळू लागली, कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींचं शिक्षण अडलं, ठरलेली लग्नं अडचणीत आली. फेब्रुवारी 2025 मध्ये महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी आपल्या तपासणीचे निष्कर्ष सांगितले. विंचूदंशावरच्या कामामुळे ते महाराष्ट्राला ठाऊक आहेतच. रुग्णांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियम कित्येक पटींनी वाढलेलं, जस्त घटलेलं, आणि संशय रेशनवर पंजाब-हरियाणाकडून आलेल्या गव्हावर. म्हणजे लागट असं काही नव्हतंच. ज्या मुलीच्या घरी पाहुणे यायचे थांबले, तिच्यापासून कुणालाही धोका नव्हता. बातमीत ‘कदाचित’ हा एक शब्द घातला असता तर या लोकांचे केस वाचले नसते, पण त्यांच्यावर पडलेला बहिष्कार बराच सौम्य झाला असता.

आणि बावस्करांचे निष्कर्ष छापतानाही आपण सुधारलो नाही. ‘गव्हामुळे असावं’ हे छपाईत ‘गव्हामुळेच’ झालं. मराठीतला हा ‘च’ फार महागात पडणारा प्रत्यय आहे. एका अक्षरात तो बाकीच्या सगळ्या शक्यता मारून टाकतो. मग पुढचा प्रश्न, एवढ्या मोठ्या प्रदेशात वाटल्या जाणाऱ्या गव्हाने नेमक्या याच गावांत असं का झालं, हा विचारायचाही राहून जातो. राजकारणातल्या भाषणांत, वाहिन्यांवरच्या चर्चांत, भविष्याच्या सदरांत ‘च’ला टाळ्या पडतात. ‘बहुधा’ म्हणणारा तज्ज्ञ दुसऱ्यांदा चर्चेला बोलावला जात नाही.

यावरचा खरा आक्षेप मला ठाऊक आहे. शेतकऱ्याला जूनमध्ये तिफण धरायची असते, शंका धरून पेरता येत नाही. त्याला कुणीतरी हो किंवा नाही सांगायला हवं. शिवाय शंका विकताही येते. सिगारेट कंपन्यांनी अमेरिकेत अनेक वर्षं तोच धंदा केला. तंबाखूने कर्करोग होतो याचा पुरावा साठत असताना ‘अजून खात्री नाही’ एवढंच पसरवत राहायचं, हे 1969 च्या एका कंपनीच्या अंतर्गत टिपणात लिहून ठेवलेलं धोरण होतं. पीकविम्याचा दावा नाकारतानाही ‘नुकसान नेमकं कशाने झालं याबाबत साशंकता’ अशी भाषा वापरता येते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण दुसरी गोष्ट मोघमच्याच घराण्यातली आहे. सिगारेटवाल्याने किती शंका आहे, कशाने ती फिटेल, हे कधीच सांगितलं नाही. मापाशिवायची शंका हे त्याचं भांडवल होतं.

पहिल्या आक्षेपाला उत्तर पुस्तकात शोधायची गरज नाही, ते गोणपाटात आहे. घरचं सोयाबीन बियाणं उगवेल का? शेतकऱ्याला खात्री नसते. कृषी विभाग सांगतो तो उपाय असा : ओल्या गोणपाटावर 100 दाणे रांगेत मांडा, गुंडाळा, ओल राखा, काही दिवसांनी उघडा आणि कोंब मोजा. 70 वा अधिक उगवले तर नेहमीचं एकरी 30 किलो बियाणं वापरा. त्याहून कमी निघाले तर त्या प्रमाणात बियाणं वाढवा, आणि फारच कमी निघाले तर ते बियाणं पेरू नका. इथे कुणी खात्री दिलेली नाही. शंभरातले सत्तर एवढंच सांगितलं, आणि त्यावरून तीस किलो की छत्तीस हा निर्णय झाला. तीच गत पेरणीच्या दिवसाची. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, हा सल्ला पाऊस पुढे राहीलच असं म्हणत नाही. एवढी ओल खाली असली तर मध्ये आठ-दहा दिवसांची उघडीप आली तरी दुबार पेरणीची वेळ येण्याची शक्यता कमी, एवढंच म्हणतो. शंकेला माप लावलं की तिच्यावरून तिफण धरता येते. मोघमवरून येत नाही. मोघमवरून फक्त नवस बोलता येतो.

म्हणून माझी मागणी खामगाव-शेगाव-मलकापूरच्या पत्रकारांकडे आहे. त्यांच्याकडे भेंडवळही आहे आणि हवामान खात्याचं पत्रकही. पुढच्या अक्षय्य तृतीयेला भाकीत जरूर छापा, पण ‘मोघम’ म्हणजे एकरी किती आणि ‘साधारण’ म्हणजे किती मिलिमीटर हे तिथल्या तिथे विचारून छापा. उत्तर मिळालं नाही तर मिळालं नाही असं छापा. त्याच्या शेजारी खात्याचा अंदाज अधिक-उण्यासकट द्या. आणि ऑक्टोबरात, पावसाळा संपला की, तेराही तालुक्यांत प्रत्यक्ष पडलेल्या पावसाचे आकडे त्या दोन्हींच्या खाली मांडा. एका पानात मावेल. वाचकांनीही ते कात्रण फाडून बियाण्याच्या पावत्यांसोबत ठेवावं.